भागिले सव्वीस

तीर्थस्वरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

‘पत्रबित्र कशाला, फोन कर की,’ असं तुम्ही म्हणणार. पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यं धड बोलू देत नाही, लगेच पाऊस आणि ज्वारी सुरू करता. म्हणून हे उघड पत्र. नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा.

इग्नूचं, म्हणजे त्या घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाचं, पाकीट आलं. मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, माझ्या नावाची. आईनं ते आधी देवापुढं ठेवलं. तुम्ही जवळ असतात तर मी आधी तुमच्याकडं आणलं असतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून झाली, हे लोकांना सांगायला आता लाज वाटत नाही. भोसरीच्या कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, लागून मला दीड वर्ष झालं होतं. मस्टर, पंचिंगचे घोळ, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, एवढंच काम. हीट ट्रीटमेंट खात्यातले मामा निवृत्त होत होते, त्यांच्या ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराचा, कागद माझ्याकडं आला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००. महिना तीस दिवसांचा, म्हणून मी तीसनं भागलं, पंधरानं गुणलं, नोकरीच्या २१ वर्षांनी गुणलं आणि १,९१,१०० लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन तुम्ही दारात उभे. युनियनचे सेक्रेटरी! माझ्या पोटात गोळा आला. आता साहेबांच्या केबिनमध्ये तमाशा होणार. तुम्ही मात्र स्टूल ओढलंत, कानामागची पॅटर्न शॉपची, तुमच्या लाकडी साच्यांच्या खात्याची, ती चपटी पेन्सिल काढलीत आणि कँटीनच्या कुपनामागं मांडलंत: १८,२०० भागिले २६, सातशे. गुणिले पंधरा, साडेदहा हजार. ‘मामाची नोकरी २१ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुरं वर्ष धरायचं.’ म्हणजे बावीस. २,३१,०००. मामांचे ३९,९०० रुपये मी बसल्या जागी खाल्ले होते.

‘पण सव्वीसच का?’ मी विचारलं.

‘महिन्याचा पगार सव्वीस दिवसांच्या कामाचा असतो, पोरी. बाकीचे रविवार. लोखंड्यांनी मिळवून दिलेले रविवार तू भागाकारात परत काढून घेतलेस.’

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली त्यांच्या लढ्यामुळं रविवारची सुट्टी मिळाली, हे घरी जाऊन शोधलं. तुम्ही माझा कागद फाडलात, नवा करून घेतलात आणि कुणाजवळ ब्रही काढला नाहीत. जाताना एवढंच म्हणालात, ‘या खुर्चीत बसायचं असेल तर नीट शिकून बस.’ पुढच्याच प्रवेशाला मी फॉर्म भरला.

नोकरी करून घरबसल्या शिकणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पुस्तकं इंग्रजीत, मी मराठी शाळेची. असाइनमेंट हातानं लिहायच्या, कारण तीस टक्के गुण त्यांचे, उरलेले सत्तर परीक्षेचे. समुपदेशनाचे, म्हणजे अडलेलं विचारायचे, वर्ग रविवारी, म्हणजे पुन्हा लोखंड्यांचेच उपकार. पण महिनाअखेरीला पगाराच्या कामात ते बुडायचेच. घरचं तुम्हाला माहीत आहे, ते इथं नको.

अडलं की मी दुपारच्या सुट्टीत पॅटर्न शॉप गाठायची. लाकडाचा भुसा झटकून तुम्ही बाकावर जागा करायचात. ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वं’, म्हणजे शिक्षेआधी माणसाची बाजू नीट ऐकून घ्यायची, मी पोपटासारखी पाठ केली होती. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘जबाब इंग्रजीत टाइप झाला आणि सही करणाऱ्याला मराठीच येतं, मग?’ मला सुचेना. तुम्ही सांगितलंत, की इन्क्वायरीत, म्हणजे कामगारावरच्या आरोपाच्या चौकशीत, तुम्ही आधी तो जबाब मराठीत वाचून घ्यायला लावता, मगच कामगाराचा हात पेनकडं जाऊ देता. परीक्षेत मी हेच उदाहरण लिहिलं. त्या पेपरला सगळ्यात जास्त गुण पडले.

मी मॅनेजमेंटच्या बाजूची. ‘अण्णा वैऱ्याच्या हातात कोयता देतोय,’ असं तुमचीच माणसं म्हणायची, माझ्या कानावर आलं होतं. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुमचं सगळंच मला पटतं असं नाही. कामगिरीचं मूल्यमापन म्हणजे साहेबाची मर्जी, असं तुम्ही म्हणता, त्यावर मी अजून भांडायला तयार आहे.

आता कायदेही बदलले. नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तुमचा तो १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. भीत भीत कलम उघडलं. भागिले सव्वीस तसंच आहे.

गेल्या महिन्यात टाइम ऑफिसला नवा मुलगा लागलाय. त्यानं पहिला हिशोब आणला, तीसनं भागलेला. मी स्टूल ओढलं. पेन्सिल कुठं सापडेना, बॉलपेननंच भागवलं.

आपली,
टाइम ऑफिसवाली

ता. क. : पेन्शनसाठी हयातीचा दाखला या महिन्यात द्यायचाय. मागच्या वर्षी विसरला होतात. बोटाचा ठसा उमटत नसेल तर नातवाच्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. हे वाचायला तो तिथंच बसलाय, त्यालाच सांगते: आजच कर रे बाबा.