गढूळ पाण्यात पावडर वाढवून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणी गढूळ आले की ब्लीचिंग पावडर वाढवायची आणि नळाला वास आला की पाणी शुद्ध झाले असे समजायचे, ही पद्धत सर्रास दिसते. ती चुकीची आहे आणि धोक्याचीही. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन बनते. नळाचा उग्र वास बहुतेकदा त्याचाच असतो, आणि ते मुक्त क्लोरीनपेक्षा फार सावकाश जंतू मारते.

क्लोरीन पाण्यात पडले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. खरे काम हे आम्ल करते. पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी याचे माप) चढला की त्याचा हायपोक्लोराइट आयन होतो. हा आयन ऋणभारित आणि जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे तो आत सहज शिरत नाही. पीएच 6.5 ला सुमारे 90 टक्के क्लोरीन आम्लरूपात असते, 7.5 ला निम्मे, तर 8.5 ला जेमतेम 10 टक्के. तपासणीत मात्र दोन्ही रूपे एकत्रच मोजली जातात. म्हणून पाण्यात उरलेल्या क्लोरीनचा लिटरला 0.5 मिलिग्रॅम हा आकडा वाचताना शेजारी पीएचही लिहिलेला हवा. पीएच 8 च्या खाली हवा आणि क्लोरीन मिसळल्यावर पाणी किमान 30 मिनिटे टाकीत थांबायला हवे. पावडर टाकून लगेच व्हॉल्व्ह उघडला तर जवळच्या घरांना तो वेळ मिळतच नाही.

गढूळपणा मात्र त्याआधी काढायचा. मातीच्या कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात आणि सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. शिवाय त्याच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगे बनतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनला दादच देत नाही, तो गाळणीतच अडवावा लागतो. 1993 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याच परजीवीमुळे सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होते, कमी पडले ते गाळण. क्लोरीन देण्याआधी गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) खाली आणावा.

गढूळपणा काढायला तुरटी लागते, पण ती अंदाजाने टाकू नये, जार टेस्ट करावी. सहा भांड्यांत एकेक लिटर तेच पाणी घेऊन तुरटीचे चढते डोस द्यावेत. एक मिनिट जोरात ढवळावे, मग 15-20 मिनिटे अगदी संथ, आणि अर्धा तास निवळू द्यावे. संथ ढवळताना नजर भांड्यावरच हवी. आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, मग त्यांचे पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होऊन त्यांच्यामधले पाणी लख्ख होते. इथे घाईने वेग वाढवला तर पुंजके फुटतात आणि पुन्हा नीट जुळत नाहीत. तुरटी जास्त झाली तरी बिघडते, कारण कणांवरचा भार उलटून ते पुन्हा एकमेकांना दूर ढकलू लागतात.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. 1 मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, संपवते. लिटरला 30 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे 15 मिलिग्रॅम अल्कता गेली. पाण्यात मुळात तेवढी नसेल तर पीएच कोसळतो, पुंजके धरत नाहीत आणि ॲल्युमिनियम विरघळलेलेच पुढे जाते. अशा वेळी तुरटी वाढवणे म्हणजे चूक दुप्पट करणे. तिथे चुना लागतो.

पावडरीचा हिशेबही ताकद तपासूनच करावा. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते, उघड्या पोत्यात ते झपाट्याने उतरते. 1000 लिटरला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे तर 25 टक्क्यांची पावडर 8 ग्रॅम लागते. तीच पावडर 15 टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच वजनात लिटरमागे 1.2 मिलिग्रॅमच मिळतात. पावडर कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत ओतावी.

क्लोरीनच्या तपासणीला ऑर्थोटोलिडिन या रसायनाऐवजी डीपीडी हे रसायन वापरावे, ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक मानले जाते. डीपीडीचा गुलाबी रंग मिनिटभरात वाचावा, उशीर झाला तर क्लोरामाइनही त्यात मिसळते. आणि क्लोरीन फारच जास्त असेल तर हा रंग उडून जातो, नमुना कोरा दिसतो. तो पाहून ‘क्लोरीन नाही’ म्हणत आणखी पावडर टाकण्याआधी नमुन्यात क्लोरीन नसलेले पाणी दहापट मिसळून पुन्हा पाहावे.

– जलशुद्धीकरणाच्या कामातील एक वाचक