मेंदूतील गुठळीनंतरचे बाळंतपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूच्या शिरेत एकदा रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीला ‘आता मूल होऊ देऊ नका’ असे नातेवाईक तर सांगतातच, क्वचित डॉक्टरही सांगतात. हा सल्ला सरसकट देणे योग्य नाही, आणि त्यापायी खरी काळजी केव्हा घ्यायची हे सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्र.

माझ्या भाचीचे पहिल्या बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात डोके ठणकू लागले, उलट्या सुरू झाल्या. जागरणामुळे होत असेल म्हणून बाम चोळून तिला निजवले, आणि फिट आल्यावर एमआरआय केला तेव्हा गुठळी दिसली. उपचारांनी ती पूर्ण बरी झाली, पण दुसऱ्या खेपेस घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता.

अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा स्त्रियांच्या दर हजार गरोदरपणांत मेंदूत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण सुमारे ९, तर पायात, फुप्फुसात किंवा अन्यत्र गुठळी होण्याचे प्रमाण सुमारे २७ होते. इतर गर्भवतींपेक्षा हा धोका निश्चितच जास्त आहे, पण मातृत्व नाकारावे इतका नाही. युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची प्रतिबंधक इंजेक्शने सुचवली आहेत. अर्थात, अँटिफॉस्फोलिपिडसारखा रक्ताचा दोष असेल किंवा गुठळी वारंवार झाली असेल, तर निर्णय रक्तविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच व्हायला हवा.

गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या चालू असणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच, निदान पाळी चुकताच, डॉक्टरांना भेटावे; कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत या गोळीने गर्भाच्या नाकात व हाडांत व्यंग येऊ शकते. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही, आणि अंगावर पाजतानाही चालते. पोटाच्या कातडीची चिमूट धरून हे इंजेक्शन रोज घरीच घेता येते, भाचीला ते तिच्या नवऱ्याने शिकून दिले. मात्र प्रतिबंधक मात्रेनंतर साधारण बारा तास गेल्याशिवाय कमरेतून भूल देत नाहीत, त्यामुळे प्रसूती कोठे व कशी करायची हे आधीच ठरलेले असावे.

सर्वाधिक जोखीम बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असते, आणि नेमका हाच काळ आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. बाळंतीण माहेरी जाते, फाइल सासरी राहते, इंजेक्शने बंद पडतात. त्यात पोट सुटेल म्हणून पाणी बेताने द्यायचे आणि सव्वा महिना खाटेवरून उठू द्यायचे नाही, ही जुनी रीत काही घरांत अजून पाळली जाते. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, आणि पडून राहिल्याने त्यात भर पडते. अशा स्त्रीने पुढे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, आणि सणासुदीला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नयेत.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे, की पूर्वीच्या गुठळीची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर ठळकपणे व्हावी, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या तपासणीत अशा गर्भवतीच्या कार्डाला लाल स्टिकर लागावा आणि उपजिल्हा रुग्णालयांत हेपॅरिन सतत उपलब्ध असावे. आशाताई नवजात बाळासाठी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतातच. प्रत्येक भेटीत त्यांनी बाळंतिणीला डोके दुखते का, अंधूक दिसते का आणि इंजेक्शने चालू आहेत का, हेही विचारावे.

आपली,
एक वाचक, सातारा