खुर्च्या मागे सरकवा, नाच मागे सारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताला वाहिलेल्या स्थानिक सोसायटीच्या मैफल-आणि-नृत्य रात्रीचा वृत्तांत आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यावर आलेले एका वाचकाचे पत्रही वाचले. त्यांचे म्हणणे असे की, नाचणाऱ्यांमुळे मंच दिसत नाही, पावलांच्या आवाजात गिटारमधले बारकावे हरवतात, तेव्हा मैफल एका दिवशी आणि नाच दुसऱ्या दिवशी ठेवावा. आपल्या वार्ताहरानेही नाचाची बोळवण ‘रसिकांनी ठेका धरला’ एवढ्यावर केली आहे. त्या रात्री मी हजर होते. मी स्वतः नाचत नाही, माझे गुडघे आता परवानगी देत नाहीत. म्हणजे मीही खुर्चीवाल्यांपैकीच. तरीही ही सूचना मला मान्य नाही.

मुळात हे संगीत खुर्चीतल्या श्रोत्यांसाठी तयार झालेलेच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या कापसाच्या मळ्यांवर आठवडाभर राबणारे कृष्णवर्णीय मजूर शनिवारी रात्री एखाद्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या साध्या अड्ड्यावर जमत, नाहीतर कुणाच्या तरी घरातले सामान बाहेर काढून खोली मोकळी करत. वाजवायला एखादाच गिटारवाला आणि समोर नाचणारा घोळका. डेल्टातला गायक-वादक चार्ली पॅटन गिटारच्या लाकडावर थापा मारत आणि जमिनीवर पाय आपटत वाजवायचा. लोकांना त्यात नखरा दिसतो, पण तालवाद्याची जागा तोच भरून काढत होता. गाणे रंगले की नाही, याचा निकाल टाळ्यांवर लागत नसे. लोक नाचत राहिले की गाणे रंगले, एवढा सरळ हिशेब.

डब्ल्यू. सी. हँडी हे स्वरलेखन जाणणारे, शिस्तीचे बँडमास्तर. मिसिसिपीतल्या क्लीव्हलंड गावी एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांच्या नऊ वादकांना थोडा वेळ थांबवून गावातल्या तिघांना वाजवू दिले गेले. त्यांच्याकडे एक खिळखिळी गिटार, एक मँडोलिन आणि झिजलेला बास होता. नाचणाऱ्यांनी त्या तिघांवर नाण्यांचा असा पाऊस पाडला की, हँडींच्या सगळ्या वादकांच्या बिदागीहून ती रक्कम मोठी भरली. हा प्रसंग हँडींनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९१२ साली त्यांची ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना छापून आली. लोकांना काय हवे आहे, हे त्यांना कळले ते असे, नाचाच्या जागी.

ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या गिटारला ‘ल्युसिल’ हे नाव पडले तेही अशाच ठिकाणी. १९४९ च्या सुमारास अर्कान्सामधल्या ट्विस्ट गावात ते वाजवत होते. उबेसाठी खोलीच्या मधोमध रॉकेल पेटवलेले पिंप ठेवले होते. दोघांच्या मारामारीत ते कलंडले आणि आग लागली. किंग बाहेर पडले आणि गिटार आणायला पुन्हा आत गेले. भांडण ज्या बाईवरून झाले, तिचे नाव ल्युसिल! डेल्टातले गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले आणि तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून विजेच्या गिटारकडे वळले. ज्या आवाजाला पत्रलेखक कंटाळले आहेत, त्यानेच हे संगीत घडवले आहे.

खुर्च्या आल्या त्या नंतर. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम झाला आणि ब्लूज गायक बिग बिल ब्रुन्झी तिथे बसलेल्या श्रोत्यांपुढे गायले. १९६० नंतर युरोपातल्या सभागृहांमध्ये ब्लूज नेमाने होऊ लागले. सन हाऊस, स्किप जेम्स, मिसिसिपी जॉन हर्ट या विस्मृतीत गेलेल्या म्हाताऱ्यांना त्याच दशकात शोधून काढले गेले आणि निवांत बसून ऐकणारा श्रोता मिळाला. त्या श्रोत्याचे उपकार आहेतच. पण त्याची सवय हाच ब्लूजचा नियम, असे मात्र समजू नये.

आता त्या रात्रीबद्दल. ब्लूजची नेहमीची चौकट बारा बारची (बार म्हणजे तालाचा एक खंड), एका बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सुटते आणि तिथे गिटार किंवा हार्मोनिका बोलते. मंचाच्या डाव्या अंगाला पन्नाशीचे एक जोडपे नाचत होते. गाण्याच्या ओळीवर दोघे जेमतेम हलत होते, नुसता या पायावरचा भार त्या पायावर. ओळ संपून हार्मोनिका सुरू झाली की बाईंचा पाय जमिनीवरून हळूच ओढला जाई आणि सूर थांबला की तोही थांबे. एका कडव्यात बँडने एकच ठोका देऊन सगळी वाद्ये थांबवली, फक्त गायकाचा आवाज उरला. अख्खा फ्लोअर जागच्या जागी थबकला. पुढच्या ठोक्याला सगळे एकदम सुटले, तेव्हा ड्रमर हसला. तो सारा वेळ त्यांच्या पायांकडेच बघत होता. फ्लोअर भरला की गाणे लांबवायचे, लोक दमले की लय उतरवायची, हे तो पायांवरून ठरवत होता. त्याच्यापुढून नाचणारे उठवले, तर वाजवणेही बदलेल. ‘नुसती मैफल’ म्हणून पत्रलेखकांना जे ऐकायला मिळेल, ते याहून फिके असेल.

मंच दिसत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर तोडगा साधा आहे. मंचासमोरची अर्धी बाजू नाचायला मोकळी ठेवावी, उरलेल्या अर्ध्या बाजूला खुर्च्या तिरप्या मांडाव्यात. सध्या त्या भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ रांगेत मांडतात आणि मग नाचणाऱ्यांना पुढे उभे राहण्यावाचून पर्याय उरत नाही. दोष मांडणीचा आहे. एकट्याने साधी गिटार वाजवणारा कलाकार असेल, तेव्हा नाचणाऱ्यांनीही आवरते घ्यावे. आणि हो, संथ ब्लूजवर जोडीदाराला गरगर फिरवणाऱ्या तीन-चार उत्साही मंडळींना कुणीतरी सांगा की ते स्विंग या वेगळ्या नाचाचे प्रकार आहेत. स्लो ड्रॅगला, म्हणजे पाय ओढत करायच्या संथ नाचाला, दोन फरश्यांची जागा पुरते.

शांतपणे बसून ऐकण्याचे प्रसंग सोसायट्यांकडे असतातच. अमेरिकेत मेम्फिसला १९८० पासून ब्लूज फाउंडेशन ही संस्था आहे, त्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी भरते आणि ठिकठिकाणच्या संलग्न सोसायट्या आपापली निवड फेरी घेऊन विजेते तिकडे पाठवतात. तिथे परीक्षक असतात, गुण असतात, बसून ऐकणारे असतात. तशी फेरी असेल तेव्हा खुशाल रांगा लावा. नृत्याची रात्र ती नृत्याचीच राहू द्या.

एक विनंती आपल्यालाही. पुढच्या कार्यक्रमाची सूचना छापाल, तेव्हा फक्त बँडची नावे देऊ नका. अनेक ठिकाणी कार्यक्रमाआधी नवख्यांसाठी नाचाचा छोटा वर्ग असतो. इथेही असेल तर त्याची वेळ छापा. सोबत इतकेही लिहा की, जोडीदार बरोबर आणायची गरज नाही, कुणालाही विचारता येते, समोरच्याला नको म्हणता येते आणि रबरी तळव्याचे बूट टाळावेत. त्या रात्री निदान सहाजण तसले बूट घालून आले होते. पाय सरकेना, म्हणून बिचारे मध्यंतरापर्यंत भिंतीला टेकून उभे होते.

आपली,
एक वाचक