पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या फौजीदादांना

फौजीदादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे. तुमच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट सगळं लिहिलेलं होतं आणि ती ट्रंक रात्रभर माझ्या पायाशीच होती. पण ते इथे छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, असं वाटतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यातली दिल्लीहून पुण्याकडे येणारी गाडी, स्लीपरचा डबा आणि बोलता न येणारे एक म्हातारे गृहस्थ, एवढ्या खुणा तुम्हाला पुरतील.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. पण गाता येतं. अशा रोग्यांचं होतं असं पुष्कळदा, बोलणं अडतं पण चाल लावलेले शब्द सुटतात, असं डॉक्टर म्हणाले. आता जन्मभर नाट्यसंगीत ऐकलेल्या माणसाला काय गाता यावं? तर निरमाची जाहिरात! दूरदर्शनच्या दिवसांत घराघरांत वाजायची ती. घाबरले की अण्णा तीच गुणगुणायला लागतात. आम्ही ओळखतो, काहीतरी बिनसलंय.

दिवसभर त्यांच्यासोबत टीव्हीसमोर बसून मीही जाहिरातींतली जाणकार झाले आहे. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यातली १० जाहिरातींना आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या टिमकीला. आमच्या घरात बसून बघाल तर वाटेल, जाहिरातींच्या मधल्या रिकाम्या जागेत मालिका घालतात. असो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आमचे बर्थ मधला आणि वरचा. अण्णांना मधल्या बर्थवर चढवणं म्हणजे ओलं पोतं माळ्यावर टाकण्यासारखं. म्हणून खालच्या बर्थवरच्या काकांना मी विनवलं. "माझीही पाठ दुखते," म्हणाले. ठीक आहे, दुखत असेल. त्यांच्या हातातल्या फोनवर तेव्हा दिवाळीची एक जाहिरात चालू होती. बर्फात उभा जवान, मग स्टेशन, मग गावची पायवाट, दारात रांगोळी, आईच्या हातून ताटच पडतं, आणि सगळ्यात शेवटी मिठाईचा डबा. काकांनी ती आवाज मोठा करून दोनदा पाहिली. डोळे पुसले. बायकोला दाखवली आणि म्हणाले, "हे लोक सीमेवर जागतात म्हणून आपण सुखाने झोपतो." आणि खरोखरच झोपले. खालच्या बर्थवर, सुखाने.

तुम्ही तेव्हा तीन हातांवर साइड लोअरला बसून शेंगा सोलत होतात. जीन्स, मरून स्वेटर. तुमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. गणवेश नाही, पाठीमागे झेंडा नाही, सनईही नाही. ओळखणार कसं? माझंही लक्ष ट्रंकेवरून गेलं, उगाच मोठेपणा घेत नाही. तुम्ही टरफलं कागदात गुंडाळलीत, वळकटी उचललीत आणि थेट अण्णांशी बोललात, "आण्णा, या हितं. खिडकी बी हाय." माझ्याशी नाही, त्यांच्याशी. दीड वर्षात लोक त्यांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलतात. "यांना चहा चालतो का?" "यांना ऐकू येतं का?" समोर बसलेल्या माणसाबद्दल असं विचारतात, जणू तो फर्निचर आहे.

पण हे पत्र बर्थसाठी नाही.

पहाटे, बऱ्हाणपूर मागे पडलं असावं, मला अण्णांची गुणगुण ऐकू आली. मी खाली उतरले आणि काय झालंय ते कळलं. डायपर पुरला नव्हता. पायजमा, चादर, सगळंच. साइड लोअर म्हणजे भर रस्ता, येणारेजाणारे सारखे चालू. संडासापर्यंत त्यांना न्यायचं तर उभं कोण करणार? आणि वास तर थांबत नाही कुणासाठी. वरून एक बाई म्हणाल्या, "अशा पेशंटला घेऊन निघतातच कशाला?" कुणीतरी पंखा लावला, नोव्हेंबरच्या थंडीत. काका जागे झाले होते. त्यांनी चादर नाकावर ओढली आणि कूस बदलली.

तुम्ही मधल्या बर्थवरून उतरलात ते हातात कांबळं घेऊनच. त्याची दोन टोकं दोन मुठींत धरलीत, हात ताणलेत आणि आमच्याकडे पाठ करून पॅसेजमध्ये उभे राहिलात. "ताई, तुमचं निवांत चालू द्या. मी उभाय." बस. चहावाला आला, त्याला म्हणालात, "थांब जरा, नायतर पलीकडनं जा." तो गेला पलीकडच्या डब्यात. गाडी हेलकावे खात होती, तुम्ही पाय फाकवून तोल धरला होतात, आणि ते कांबळं इकडचं तिकडे झालं नाही. मला वाटतं पंधरा मिनिटं तरी गेली असतील. हात तेवढा वेळ ताणून धरून पाहा म्हणावं कुणी. मी घरी येऊन पाहिलं. चार मिनिटांत खांदे भरून आले.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. मी पुसत होते आणि अण्णा गुणगुणत होते, तीच निरमाची पहिली ओळ, पुन्हा पुन्हा, रडवेल्या आवाजात. पुढे सरकतच नव्हते. कांबळ्यापलीकडून तुम्ही दुसरी ओळ उचललीत. हळू, बेसूर, मान जरासुद्धा न वळवता. अण्णा थबकले. मग त्यांनी तिसरी म्हटली. तुम्ही चौथी. त्या अवस्थेत, त्या कामाच्या वेळी, धुण्याच्या पावडरीची जाहिरात! मला हसू फुटलं. अण्णाही हसले. झटक्यानंतर त्यांना तोंडभर हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, तोंड एका बाजूला वाकडं होतं तरी.

नंतर मी काहीतरी बोलायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "वर पोस्टवर आजारी पडला माणूस तर कोण येनार हाय? एकमेकांचं करावंच लागतं. त्यात कसली लाज." आणि ट्रंक उघडून शेंगांची पुडी काढलीत. दिवाळीत रजा मिळाली नव्हती, घरी पोचल्यावर फटाके उडवायचे ठरले आहेत, एवढंच काय ते स्वतःबद्दल.

दादा, जाहिरातींतला जवान नेहमी आपल्याकडे तोंड करून असतो. जवळून, संथ गतीने, डोळ्यांत पाणी. सियाचीनवर २००३ पासून शस्त्रसंधी आहे, आणि तिथे आजवर गोळीपेक्षा थंडीनं नि हिमकड्यांनी जास्त जवान नेले. पण थंडीनं आजारी पडलेल्या जोडीदाराचं दुसरा जवान कसं करतो, हे कुणी मिठाई विकताना दाखवत नाही. दाखवू नयेच म्हणा. शाळेत असताना ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा कागदी झेंडा खिशाला टाचून मी मिरवायचे. १९४९ पासून पाळतात तो दिवस. तेवढ्यात आपलं देणं फिटलं असं मलाही वाटायचं, म्हणजे काकांची नि माझी जात एकच.

सैनिकांची एकच जाहिरात मला मनापासून आवडायची, २०१५ सालची फेविक्विकची. वाघा सीमेवर कवायत चालली आहे, पलीकडच्या जवानाच्या बुटाचा तळ सुटतो आणि आपला जवान कवायतीच्या आवेशातच तो गुपचूप चिकटवून देतो. (तिथली कवायत सैन्य करत नाही, सीमा सुरक्षा दल करतं, पण आम्हा लोकांना सगळे सारखेच.) त्यात कुणी भाषण देत नाही. एकाची फजिती दुसऱ्याने झाकली, तीही कुणाच्या लक्षात येऊ न देता. आता ती लागली की मला तुमची पाठ दिसते.

नगरला तुम्ही उतरलात. अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही, तुम्हीही नगरच म्हणालात. काका तेव्हा तुमच्याशी हात मिळवून "जय हिंद" म्हणाले, फोटोही काढला. तुम्ही काढू दिलात. कांबळं मात्र अण्णांच्या पायांवरच राहिलं. मी खिडकीतून हाका मारल्या, तुम्ही लांबूनच हात हलवलात, ऱ्हाऊ द्या म्हणून.

ते धुऊन ठेवलंय. निरमाने नाही, लोकरीचं आहे म्हणून रिठ्याच्या पाण्यात.

आणि एक नवीनच त्रास होऊन बसला आहे. अण्णा आता पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. दाराकडे बघतात. मी दुसरी ओळ म्हणून पाहिली, माझ्या मुलाने म्हणून पाहिली. ते मान हलवतात, नाही म्हणून. आमचे आवाज फार सुरात लागतात बहुतेक.

तुमची,
अण्णांची मुलगी