रंगीत विका, थ्रीडी विका. पण मूळही विका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१२ डिसेंबर २०२५ रोजी ‘शोले’ मूळ शेवटासह चित्रपटगृहांत लागला, याचा आनंद आहेच. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि खांबातून बाहेर आलेल्या खिळ्यात रुतून गब्बर मरतो, हा शेवट १९७५ साली आणीबाणीत सेन्सॉरला चालला नव्हता. पोलीस ऐन वेळी येऊन ठाकूरला अडवतात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला आणि मग १५ ऑगस्टला चित्रपट लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी आता मूळ शेवट परत आणला, तोही मूळ कॅमेरा निगेटिव्ह जवळपास निकामी झालेली आणि ७० मिमीची एकही प्रिंट उरलेली नसताना. या कामाला मनापासून दाद.

आमचे म्हणणे यापुढचे आहे. १९७५ ची आवृत्तीही मूळच आहे. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे लोकांनी जी पाहिली, संवाद ज्या क्रमाने पाठ केले, ती तीच. सचिन पिळगावकरांच्या अहमदचा मृत्यू तेव्हा कापला गेला. उरले ते एवढेच: गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि पुढच्याच दृश्यात घोडा प्रेत घेऊन गावात येतो. हा कापलेला प्रसंग न कापलेल्यापेक्षा जास्त अंगावर येतो, असे आमचे मत आहे. कोणी उलट म्हणेल. पण दोन्ही आवृत्त्या सारख्याच दर्जात पाहायला मिळाल्याशिवाय हा वाद घालायचा तरी कसा? दोन्हींतला फरक काही मिनिटांचा. ब्लू-रेवर सामाईक भाग एकदाच साठवून फक्त वेगळे तुकडे स्वतंत्र ठेवता येतात; प्रेक्षक निवडेल ती आवृत्ती प्लेअर सलग जोडून दाखवतो. हे तंत्र जुने आणि सर्रास वापरले जाणारे आहे.

‘मुगल-ए-आझम’चे दुखणे वेगळे. १९६० साली चित्रपट १९७ मिनिटांचा होता. २००४ साली पूर्ण रंगीत करून आणला तो १७७ मिनिटांचा. वीस मिनिटे गेली ती गेलीच, पण त्याहून मोठे नुकसान शीशमहालात झाले. मूळ चित्रपट कृष्णधवल चालत येतो आणि ‘प्यार किया तो डरना क्या’ला पडदा एकदम रंगाने उजळतो. अनारकलीचे बंड आणि रंगांचे येणे एकाच क्षणी घडते. सगळाच चित्रपट रंगीत केल्यावर तो क्षण आधीच्या दहा दृश्यांसारखा होऊन जातो. शिवाय छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी प्रकाशयोजना केली होती ती काळ्या-पांढऱ्यातल्या छटांसाठी. रंगीत आवृत्ती ज्यांना आवडते त्यांनी खुशाल पाहावी, फक्त तिच्यामुळे मूळ आवृत्ती बाजारातून हटता कामा नये.

घरी पाहणाऱ्यांनी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. अनेक जुन्या सेन्सॉर प्रमाणपत्रांवर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर धावते. मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागले की मिनिटे मिळतात. ५४०० मीटर म्हणजे १९७ मिनिटे. तुमच्या डिस्कची वेळ कमी भरली तरी लगेच कापाकापीचा आरोप करू नका. परदेशी ‘पाल’ या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, त्यामुळे १९८ मिनिटांचा चित्रपट एकही दृश्य न कापता १९० मिनिटांत संपतो. लक्षपूर्वक ऐकले तर गाणी किंचित चढ्या पट्टीत लागतात, ती याच कारणाने.

चौकटही पाहा. पन्नासच्या दशकातले बहुतेक चित्रपट १.३७:१ (रुंदी : उंची) या चौकटीत आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. दिसत नसतील तर एक तर चेहरे आडवे ताणलेले आहेत, नाही तर वरून-खालून मिळून २३ टक्के चित्र छाटलेले आहे. नर्तकीचे पाय आणि घुमट आधी जातात. ‘शोले’ची ७० मिमी चौकट २.२:१ होती. ती टीव्हीभर पसरवली तर रुंदीतला जवळपास पाचवा हिस्सा जातो. आणि चेहरे मेणाचे दिसत असतील तर फिल्मचे दाणे, म्हणजे तिच्यावरचे नैसर्गिक बारीक ठिपके, सॉफ्टवेअरने पुसले आहेत. दाण्यांबरोबर त्वचेचा पोतही पुसला जातो.

आवाजाचे तर फार हाल होतात. मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीच्या, चित्रपटाला पाच दिशांचा नवा ध्वनी देताना पावले, घोड्यांच्या टापा, कधी वाद्येही नव्याने भरतात. भरावीत. पण जुना मोनो दुसऱ्या ट्रॅकवर द्यायला काय हरकत आहे? तीन तासांचा मोनो जराही न दाबता साठवला तरी दीड जीबीच्या आसपास भरतो, आणि दोन थरांच्या ब्लू-रेवर ५० जीबी जागा असते.

मालक मूळ आवृत्ती देत नाहीत तेव्हा काय होते, ते अमेरिकेत दिसले. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या तिन्ही चित्रपटांत १९९७ साली संगणकी दृश्ये घातली गेली. चाहत्यांनी पाठपुरावा केल्यावर २००६ साली मूळ आवृत्त्या डीव्हीडीवर आल्या, पण १९९३ च्या लेझर डिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून, म्हणजे मुख्य प्रतीवरून. रुंद टीव्हीवर चारी बाजूंनी काळी चौकट आणि मधे छोटेसे चित्र. शेवटी चाहत्यांनीच जुन्या ३५ मिमी प्रिंट मिळवून ४के स्कॅन केल्या. प्रेमाने केलेले काम आहे, पण प्रिंट सहसा निगेटिव्हपासून तीन पिढ्या खालची असते, सावल्यांतला तपशील तिच्यात आधीच गेलेला असतो. त्यात जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग सर्वांत आधी उडतो आणि सगळे गुलाबी दिसू लागते. निगेटिव्हची बरोबरी तिथून होत नाही.

आपल्याकडे कायदाही दिग्दर्शकाच्या कामी येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. कलाकृतीची मोडतोड रोखण्याचा कलम ५७ चा हक्क कर्त्याला आहे, दिग्दर्शकाला किंवा छायाचित्रकाराला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा प्रदर्शित झाली, दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला, तरी ती लागलीच. साठ वर्षांनी चित्रपट प्रताधिकारमुक्त होतो खरा, पण चांगली निगेटिव्ह गोदामात कुलूपबंद असेल तर त्या मुक्तीचा प्रेक्षकाला काय उपयोग?

म्हणून मागणी अशी. जुना चित्रपट बदलून आणणाऱ्याने डिस्कच्या वेष्टनावर आणि ओटीटीच्या माहितीत वर्ष, मूळ लांबी, मूळ चौकट आणि केलेले बदल लिहावेत. आणि रंगकाम, दाणे पुसणे, नवा ध्वनी यांपैकी काहीही करण्याआधीचा कच्चा स्कॅन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करावा. १९८ मिनिटांच्या फ्रेम होतात २ लाख ८५ हजार. ४के स्कॅनची एक फ्रेम सुमारे ५० एमबी धरली तर एकूण सव्वाचौदा टीबीच्या आत-बाहेर. माहिती साठवायच्या एलटीओ-९ या चुंबकीय टेपची एक टेप १८ टीबीची असते. म्हणजे प्रत्येक चित्रपटामागे दोन टेप, एक मालकाकडे आणि एक पुण्यात.

आपले नम्र,
जुन्या चित्रपटांचे काही चाहते, पुणे