गाय रात्री विते, मंत्रिमहोदय

माननीय पशुसंवर्धन मंत्री, गोवा राज्य, यांस

सा. न. वि. वि.

सत्तरीतल्या डोंगराकडेच्या एका वाड्यावरून हे पत्र लिहिते आहे. आमचा गोठा लहान आहे. संकरित गायी, एक गावठी गाय, म्हशी आणि त्यांची वासरे. दूध सकाळ-संध्याकाळ सोसायटीत जाते आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावरच निघतो. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. आषाढापासून कार्तिकापर्यंत प्रत्येक तालुक्यात रात्रीच्या वेळी एक पशुवैद्य कामावर असावा आणि त्याचा फोन उचलला जावा.

हेच महिने का, तेही सांगते. पावसात पोटभर हिरवे खाल्लेली जनावरे दिवाळीच्या सुमारास, हवा गार झाली की, चांगली माजावर येतात. म्हशींचे तर बहुतेक त्याच दिवसांत. गायीचे गाभणपणाचे दिवस सुमारे २८०, म्हशीचे ३१०. कार्तिक-मार्गशीर्षात गाभण राहिलेली गाय श्रावण-भाद्रपदात विते आणि म्हैस तिच्या मागोमाग. रस्त्यावर झाडे आडवी पडतात, वीज जाते, ओहोळ भरून वाहतात, त्याच महिन्यांत आमच्या गोठ्यातली बाळंतपणे येतात. कास चढली, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे खळगे पडले, गाय चारा सोडून सारखी उठ-बस करू लागली, की आम्ही गोठ्यात कोरडा पेंढा अंथरतो आणि बॅटरी चार्ज करून ठेवतो. बहुतेक गायी आपल्या आपण वितात. त्यांच्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. हे पत्र उरलेल्यांसाठी आहे.

गेल्या पावसात आमच्या एका पहिलारू कालवडीची पाणमोट फुटली, एक खूर दिसला आणि तिथेच सगळे थांबले. सरळ येणाऱ्या वासराचे पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसते. इथे एकच पाय होता. पाणमोट फुटल्यावर तासाभरात पुढे काही सरकले नाही तर जाणत्याचा हात लागायलाच हवा, हे आम्हाला ठाऊक होते. दवाखान्याचा फोन वाजत राहिला. खासगी डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात, त्यात वाटेत झाड पडलेले. शेवटी वरच्या वाड्यावरच्या एक वयस्क धनगर बाई भिजत आल्या. त्यांनी कोपरापर्यंत हात साबणाने धुतला, खोबरेल लावले. कळ ओसरली की वासराला हळूच आत लोटायचे, मुडपलेल्या पायाचे खूर मुठीत झाकून घ्यायचे म्हणजे गर्भपिशवी फाटत नाही, मग पाय सरळ करायचा. पुन्हा कळ आली की हात स्थिर ठेवायचा. घाई अजिबात नाही. पाय सरळ झाला, वासरू बाहेर आले, पण तोवर फार उशीर झाला होता. पाडी होती. कालवड वाचली, मात्र वार, म्हणजे वासरामागून पडणारे आवरण, आत अडकली, गर्भपिशवीत पू झाला आणि त्या वेताचे दूध जवळजवळ गेलेच.

त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण सरकारच्या व्यवस्थेची जागा त्यांनी किती वर्षे भरून काढायची?

काही वेळा तर जाणता हातही पुरत नाही. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत एकाएकी बसते. कान गार पडतात, मान कुशीकडे वळते, नजर हरवते. रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिली, की तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. भराभर दिली तर हृदय थांबू शकते, म्हणून हे काम घरच्याने करायचे नाही. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत वाट पाहिली तर ती गाय हाती लागेलच असे नाही. एवढ्या सोप्या उपायाअभावी मरणारी गाय पाहणे मला सहन होत नाही.

सरकार काही करत नाही असे मी म्हणत नाही. कामधेनू योजनेतून दुभती जनावरे घ्यायला अनुदान मिळते, कालवडी वाढवायला पशुपालन योजना आहे, दुधावर प्रोत्साहन रक्कम मिळते. आम्हालाही त्यांचा आधार झाला आहे. पण अनुदानाने आणलेली गाय ज्या रात्री अडते, त्या रात्री ते अनुदानही तिच्याबरोबर पणाला लागलेले असते. गोव्यात खपणारे बरेचसे दूध आजही कर्नाटक-महाराष्ट्रातून येते. इथले दूध वाढवायचे असेल तर व्यालेली गाय आणि तिची पाडी दोन्ही जगवण्यापासून सुरुवात करावी लागेल.

१९६२ या फोन क्रमांकावर बोलावता येणाऱ्या केंद्राच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी एक लाख पशुधनामागे एक गाडी असा हिशेब आहे. २०१९ च्या पशुगणनेत गोव्यातल्या गायी-म्हशी मिळूनही लाखाच्या खालीच होत्या. या हिशेबाने पेडणे ते काणकोण आमच्या वाट्याला काय येणार? घाटाखालचे, जंगलातले वाडे अंतराने मोजावे लागतात. गाडी दीड तासात गोठ्यापर्यंत पोचते का, हे माप धरा.

सर्व पशुवैद्यांनी रात्रभर जागावे असेही माझे म्हणणे नाही. तेही माणसेच आहेत, दिवसभर राबतात. तालुक्यातल्या डॉक्टरांनी पाळीपाळीने रात्र घ्यावी, त्याचा वेगळा भत्ता मिळावा, सोबत चालक आणि एक मदतनीस असावा. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार आदेशाने देऊ शकते. अशा माणसांना अडलेल्या वेताची पहिली मदत शिकवा, डॉक्टर फोनवर असतील अशी सोय करा.

आम्हालाही शिकवा. वार पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले घट्ट दूध, पाजू नये, असा समज अजून कितीतरी घरांत आहे. खरे तर पहिल्या तासा-दोन तासांत चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, खरवस त्यानंतरचा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावणे, लोंबणारी वार ओढून न काढणे, या गोष्टी दूध सोसायटीत एका सकाळी सांगून होतील.

आषाढ लागण्याआधी हा आदेश निघावा, रात्रपाळीचे फोन क्रमांक प्रत्येक सोसायटीत आणि पंचायतीत लावले जावेत, एवढी विनंती. त्यासाठी पशुपालकांची बैठक बोलावणार असाल तर ती सकाळचे दूध घालून झाल्यावर ठेवा, म्हणजे गोठा सांभाळणाऱ्या बायकांनाही येता येईल. मी येईन, आणि वरच्या वाड्यावरच्या त्या बाईंनाही घेऊन येईन.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक पशुपालक