‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ८ टीबी, ३.५ इंची साटा हार्ड डिस्क : पॉवर डिसेबल सोयीची माहिती न देणे, चुकीची तपासणी आणि धोकादायक सल्ला

महोदय,

आपल्याकडून घेतलेली ही हार्ड डिस्क घरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला जोडल्यावर फिरलीच नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) तिचे नाव येत नाही, हात ठेवला तर थरथर जाणवत नाही. त्याच डेटा केबलवर आणि त्याच पॉवर वायरवर जुनी २ टीबीची डिस्क मात्र व्यवस्थित चालते, त्यामुळे पोर्ट, केबल आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) यांवर संशय घ्यायला जागा नाही. डिस्क परत पाठवली, तर सेवा केंद्राने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तीच परत धाडली आणि तपासणी शुल्कासह कुरिअरचा खर्च माझ्यावर घातला.

शेरा खरा आहे, डिस्क धडधाकट आहे. पण ती का फिरली नाही याचे उत्तर तुमच्याकडे असूनही ते कोणी दिले नाही.

साटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडण्याची प्रमाणित पद्धत. तिच्या पॉवर जोडणीत १५ पिना असतात. पहिल्या तीन पिनांवर पूर्वी ३.३ व्होल्ट येत असत. पुढे साटाच्या सुधारित मानकात तिसऱ्या पिनेला नवे काम मिळाले : तिच्यावर व्होल्टेज असेल तोवर डिस्कने बंद राहायचे. यालाच पॉवर डिसेबल म्हणतात. सर्व्हरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करायला ही सोय उत्तम. अनेक घरगुती एसएमपीएसच्या साटा वायरमध्ये मात्र पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या आणि पाचवी नारिंगी ३.३ व्होल्टची असते. नारिंगी वायर तिसऱ्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देत राहते आणि डिस्कला कायम ‘बंद राहा’ हाच हुकूम मिळतो. काळ्या आणि नारिंगी वायरमध्ये मल्टिमीटर लावला की हे लगेच दिसते. अलीकडच्या अनेक एसएमपीएसमध्ये नारिंगी वायरच नसते, म्हणून हेच मॉडेल एका ग्राहकाकडे चालते आणि दुसऱ्याकडे मेल्यासारखे पडून राहते.

तुमच्या तपासणीत ती का चालली, हेही यातूनच कळते. अहवालात डिस्क यूएसबी डॉकवर (डिस्क खोचून यूएसबीने जोडायच्या स्टँडवर) तपासल्याची नोंद आहे. बहुतेक डॉक ३.३ व्होल्ट देतच नाहीत. ग्राहकाने ‘एसएमपीएसवर फिरत नाही’ असे लिहून कळवलेले असताना डॉकवर तपासून शेरा मारणे ही तपासणी नव्हे.

सर्वांत गंभीर बाब कस्टमर केअरच्या सल्ल्याची. ‘दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावून पाहा’ असे मला सांगण्यात आले. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबलचे डिस्ककडचे टोक सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. टोक नीट बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते, आतल्या डेटासकट. हा सल्ला कृपया आजच्या आज थांबवा.

योग्य उपाय साधा आहे. मोलेक्समध्ये (एसएमपीएसच्या जुन्या, चार पिनांच्या पॉवर जोडणीत) ३.३ व्होल्टची वायर नसते, म्हणून मोलेक्स-टू-साटा अडॅप्टर लावल्याबरोबर डिस्क फिरू लागली. अडॅप्टर मात्र एकेक वायर खाचेत दाबून बसवलेल्या, मागचे झाकण निघणाऱ्या प्रकारचाच हवा. अखंड प्लास्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त टोकात वायरी आतल्या आत एकमेकींना टेकून शॉर्ट होतात आणि आग लागू शकते. डेटा जोडणीच्या बाजूने मोजून तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी) लावण्याचा मार्गही आहे, पण केबल घालता-काढताना टेप सरकते. पुढचे काम सरळ होते : २ टीबीच्या वरची डिस्क म्हणून डिस्कचे विभाग नोंदवण्याची जुनी एमबीआर पद्धत न घेता नवी जीपीटी निवडली. विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसतात, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. त्याबद्दल तक्रार नाही.

किनाऱ्यावर या मौनाची किंमत जास्त पडते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात डिस्क चालली नाही की पहिला संशय खाऱ्या हवेवर जातो, कारण कनेक्टरच्या पिना इथे खरोखरच हिरव्या पडतात. कारागीर पिना घासतो, केबल बदलतो, शेवटी एसएमपीएस बदलायला सांगतो, आणि खरे कारण तसेच राहते. भर पावसात घाटापलीकडे डिस्क पाठवणे म्हणजे दमट हवा आणि आदळआपट दोन्ही आले. परत आलेल्या खोक्यात नुसते बबल रॅप होते, सिलिका जेलची पुडीही नव्हती.

माझ्या मागण्या अशा : तपासणी शुल्क आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च परत करावा. खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर ‘पॉवर डिसेबल आहे, जुन्या एसएमपीएसवर अडॅप्टर लागेल’ असे मराठीसह ठळक छापावे आणि चांगला अडॅप्टर सोबत द्यावा. ‘फिरत नाही’ अशी तक्रार आली की तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट देऊन तपासावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, तीही मागीन. बिलाची प्रत, तपासणी अहवाल आणि मल्टिमीटरच्या वाचनाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग